सिकंदराबादहून आणलेली गिटार

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचा पहिला चहा अजून व्हायचा होता आणि फोन वाजला. आमच्या वयाला एवढ्या सकाळी वाजणारा फोन काय सांगणार हे उचलायच्या आधीच कळलेलं असतं, म्हणून मी थोडा वेळ नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. बायको आतून म्हणाली, "अहो, घ्या की. वाजून वाजून बंद पडेल." पलीकडून अंबादासचा मुलगा श्रीनिवास बोलत होता. "सर, पप्पा गेले. पहाटे. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. 'अरेरे' म्हणायलासुद्धा आता दम लागतो. आमच्या ऑर्केस्ट्रातली माणसं एकेक करून चालली आहेत, दर वेळी कुणाच्या तरी मुलाचा फोन येतो आणि मी चप्पल घालून निघतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरून रिक्षानं पूर्व भागातल्या विणकर वस्तीत जायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात एकच गोष्ट मनात येत राहिली, की हा अर्धा तास मला गेल्या आठ महिन्यांत एकदाही काढता आला नव्हता.

अंबादास तेलुगू विणकर घरातला. चौदाव्या वर्षी मागावर उभा राहिला तो गुडघे थकेपर्यंत तिथंच होता. दिवसा चादरी विणायच्या आणि संध्याकाळी गिटार वाजवायची, असा त्याचा पंचविशीतला दिनक्रम होता. गिटारही काय, चुलत्याच्या लग्नात आलेल्या कुण्या वादकानं मागं टाकलेली, साधी. तिच्या बारीक तारा काढून त्यानं जाड तारा चढवल्या होत्या आणि त्या इतक्या सैल ठेवायचा की आवाज थेट पोटातून आल्यासारखा यायचा. बास गिटार नावाचं वेगळं वाद्य असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सिनेमाची गाणी ऐकताना त्याला खालचा आवाज तेवढा आवडायचा, म्हणून तो तेवढाच वाजवायचा. आमच्या मेहबूबभाईंनी त्याला एका गणपतीच्या मांडवात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मागांच्या शेडच्या दारात जाऊन उभे राहिले.

मेहबूबभाई म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, संचालक आणि ॲकॉर्डियन वाजवणारे. ड्रमवर सुरेश, गायला शोभाताई आणि आणखी दोघं-तिघं. निवेदन माझ्याकडे. मी एका शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी कोट घालून, "रसिकहो..." असं म्हणत स्टेजवर यायचो. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. मला बोलता येतं, एवढंच. पुढं जे झालं त्याला हेच कारणीभूत झालं, असं मला आता वाटतं.

बाहत्तरच्या मोठ्या दुष्काळानंतर दोन पावसाळे बरे गेले होते. गावोगावच्या जत्रांत पुन्हा कार्यक्रम ठरू लागले. लोकांना रेडिओवर ऐकलेलं गाणं तसंच्या तसं हवं असायचं, आणि अंबादासची ती सैल तारांची गिटार मोठ्या मैदानात ऐकू जात नव्हती. तेव्हा मेहबूबभाईंनी ठरवलं, की खरी बास गिटार घ्यायची. सोलापुरात ती मिळण्यासारखी नव्हती. सिकंदराबादच्या एका दुकानात एक नवीकोरी आलीय असं कळलं होतं, आणि तिथंच रेल्वेतल्या कुणा म्हाताऱ्याकडची जुनी विकायची आहे असंही कुणीतरी सांगितलं. अंबादासला तेलुगू येत होतं, त्यामुळं त्यानं जायचं हे उघडच होतं. सोबत मला धाडलं. मेहबूबभाई म्हणाले, "सर, तुम्ही वाजवत न्हाई, म्हनून तुम्हीच जा. वाजवनेवाला वाद्यावर फिदा होता. तुम्ही आपली नवी लेको आव. जुनी बिनी नक्को." सुरेशनंही बजावलं, "लाल हाय म्हणे. लालच आणा. स्टेजवर उठून दिसती."

वाडीमार्गे रेल्वेनं आम्ही निघालो. सबंध प्रवासात अंबादास खिडकीशी न बसता माझ्या समोर बसला. मी म्हणालो, "ये की इकडं, वारा लागेल." तो म्हणाला, "हितंच बरं हाय, सर." मला वाटलं, भिडस्त आहे. मी त्याला शाळेतल्या गमती सांगत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होता. इतकं मन लावून माझं बोलणं वर्गातली मुलंही ऐकत नसत. मी मनातून सुखावलो होतो... किती मूर्ख असतो माणूस.

दुकान मोठं होतं. लाल गिटार काचेमागं उभी करून ठेवली होती. कलकत्त्याला बनलेली, भरीव लाकडाची, आरशासारखी चकचकीत. मालकानं ती आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला जोडून दिली आणि अंबादासनं चार सूर वाजवले तर दुकानाच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरची माणसं थांबली. मला त्यातलं काही कळत नसूनही अंगावर काटा आला. सोबत गिटारला खोळ मिळणार होती, एक वर्षाची हमी होती. मालक मागून काहीतरी विचारत होता, बहुधा पट्टा कुठला हवा असं. अंबादासनं मान वर केली नाही. मालकानं पुन्हा विचारलं, तरी नाही. मग मी त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा तो दचकून वळला. मी म्हणालो, "काय रे, एवढा रंगलास?" तो हसला. "चांगली हाय," म्हणाला. "लई चांगली हाय, सर." पण लग्न ठरलेल्या मुलीनं स्थळ चांगलं आहे म्हणावं, तसं म्हणाला.

"मग घेऊन टाकू?" मी विचारलं.

"ती दुसरी नुसती बघून यिऊ की. आलोच हाय तर."

दुसरी गिटार विल्सन नावाच्या निवृत्त इंजिन ड्रायव्हरकडे होती. कौलारू घर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात वेताची खुर्ची. शनिवार-रविवारी रेल्वेच्या लोकांच्या नाचगाण्यात हे गृहस्थ ती वाजवायचे. आता बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजली होती, बोटं वाकत नव्हती. ते अस्खलित तेलुगू बोलायचे आणि तेही एवढ्या मोठ्यानं, की पहिल्यांदा मला वाटलं भांडताहेत. गिटार त्यांनी आतून स्वतः आणली. तपकिरी रंगाची, पोकळ पोटाची, जुन्या सारंगीसारखी जीर्ण दिसणारी. कंपनीच्या नावाची पट्टी उडालेली, खालच्या अंगाला एक चीर गेलेली आणि ती सरसानं बुजवलेली. लालपुढं ही म्हणजे अगदीच केविलवाणी. यंत्र त्यांच्याकडे नव्हतंच, विकून टाकलं होतं. अंबादासनं ती तशीच मांडीवर घेतली, एक तार छेडली... आणि मग त्यानं जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मान खाली घालून त्यानं आपली हनुवटी गिटारच्या वरच्या कडेवर टेकवली, डोळे मिटले आणि वाजवू लागला. मला चार हातांवर जेमतेम गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं. तो मात्र एखाद्याच्या कुशीत शिरावं तसा तिच्यात शिरला होता. किती वेळ वाजवत होता कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

विल्सनसाहेब त्याच्याकडे बघत होते. मग ते पुढं झुकले, त्याच्या समोर तोंड आणून तेलुगूत काहीतरी विचारलं. पहिल्यांदाच हळू आवाजात. अंबादासचा चेहरा एकदम उतरला. त्यानं माझ्याकडे चोरून पाहिलं, मग खाली बघत दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. विल्सनसाहेबांनी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग हातानं इंजिनाची दांडी ओढल्यासारखं करून दाखवलं आणि मान हलवली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय न्हाय."

"अंबादास, काय विचारलं त्यांनी?"

विल्सनसाहेब चहाचं बघायला म्हणून आत गेले, मुद्दामच गेले असावेत. मग तो म्हणाला, "कधीपास्नं ऐकू येत न्हाय, असं इचारलं."

मला आधी समजलंच नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातला माणूस, तालाला पक्का, सुराला पक्का... मी हसलोसुद्धा असेन. तेव्हा त्यानं सांगितलं. शेडमध्ये चोवीस माग एकावेळी चालतात. तिथं कानानं कुणी ऐकतच नाही, सगळे एकमेकांची तोंडं बघून ऐकतात. त्यामुळं कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. आधी पाखरांचा आवाज गेला, मग सायकलची घंटी, मग बायकांची बोलणी. खालचे आवाज तेवढे राहिले. कानात दिवसरात्र एक शिट्टी वाजत राहते. "शोभाताईंचं गाणं मी दोन वर्षं झाली ऐकलं न्हाय, सर," तो म्हणाला. "त्यांचं तोंड बघतो, सुरेशचा पाय बघतो. बास जमून जातं. ढोलाचा दणका छातीत लागतोच की."

"आणि लाल गिटार? ती तर केवढी वाजत होती."

"वाजती. पण ती डब्यातनं वाजती, सर. पेटी तिकडं मागं, मी हिकडं पुढं. गर्दीत सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज कुटं हाय, ते मला घावत न्हाय. ही हाडातनं कळती." त्यानं ती तपकिरी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "टेका की हनुवटी. टेका." मी टेकली. त्यानं तार छेडली आणि माझ्या दातांतून, कवटीतून, मानेच्या मणक्यातून तो सूर खाली उतरत गेला. मी घाबरून मान वर केली.

मग त्यानं सरळ मला सांगितलं. "सर, पार्टीला लाल पायजे. ती चांगलीच हाय, मी खोटं बोलणार न्हाय. मला ही पायजे. पन मला पायजे म्हनून आनायची, तर का पायजे ते सांगावं लागंल. आन् ते सांगितलं की माझं वाजवणं संपलं. बहिऱ्याला कोन ठिवतंय? तुमी ठरवा. तुमी म्हनाल ते."

खरं सांगायचं तर मी त्याच्या कलेचा, न्यायाचा वगैरे काही विचार केला नाही. त्याचे ते भरलेले डोळे मला सहन होईनात, एवढंच. मी म्हणालो, "ही घेऊ." तो म्हणाला, "आन् लालचं काय सांगनार?" मी म्हणालो, "मान वाकडी होती म्हणून सांगू. मी सांगतो. तू बोलू नकोस." विल्सनसाहेबांनी गिटार जुन्या चादरीत बांधून दिली. चादर आमच्या सोलापूरचीच निघाली. तिचा काठ बोटानं चाचपून अंबादास म्हणाला, "ही आमच्या गल्लीतली हाय," आणि परतीच्या प्रवासात ती गिटार मांडीवरून एकदाही खाली ठेवली नाही.

मेहबूबभाईंनी चादर सोडून आत पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मान वाकडी झालेल्या लाल गिटारची गोष्ट रंगवून सांगितली. निवेदकच मी. सुरेश म्हणाला, "असली भंगार वस्तू आणायला दोघं गेला हुता व्हय?" पण मग अंबादासनं ती वाजवली. पुढचं दीड वर्ष तो जे वाजवत होता तसं आमच्या भागात मी पुन्हा ऐकलं नाही. लोक गाण्याला टाळ्या देत, गायिकेला टाळ्या देत, त्याला कुणी देत नसे. मागे उभा राहून, हनुवटी टेकून, शोभाताईंच्या पाठीकडे नाही तर त्यांच्या गालाच्या हालचालीकडे बघत तो वाजवत असायचा. मला तेवढं ठाऊक होतं म्हणून मी दर कार्यक्रमात शोभाताईंचा माइक थोडा तिरका लावायचो, म्हणजे त्याला त्यांचं तोंड दिसावं. एवढं एक काम मी बरं केलं.

पोकळ गिटारचा एक दोष असतो, तो आम्हाला तेव्हा माहीत नव्हता. मोठ्या आवाजाच्या कर्ण्यांसमोर ती आपोआप घुमू लागते. करमाळ्याला जत्रेत मेहबूबभाईंनी नवी मोठी यंत्रं भाड्यानं आणली होती. तिसऱ्या गाण्याला गिटारनं घूंऽऽ असा हुंकार काढला आणि तो थांबेना. लोक कान झाकून उठले. शोभाताई गाणं सोडून मागं वळल्या. सुरेश ओरडत होता, "बंद कर, बंद कर!" अंबादासला ते ओरडणं ऐकू येत नव्हतं आणि घुमणारा तो सूर हाडात भरलेला असल्यामुळं त्याला वाटत होतं आपण छान वाजवतोय. तो डोळे मिटून वाजवतच राहिला. मी धावत जाऊन वायर उपटली. कार्यक्रम तिथंच मोडला. यात्रेच्या पंचांनी मेहबूबभाईंना चारचौघांत वाटेल तसं बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे एसटी स्टँडवर बसलो होतो. गाडीला उशीर होता. अंबादास थोडा लांब, सामानापाशी उभा होता. सुरेश एकदम म्हणाला, "मला एक कळत न्हाय. नवी सोडून जुनी का आणली? म्हाताऱ्याकडनं किती मिळाले ह्याला?" मी म्हणालो, "तोंड सांभाळून बोल." तो म्हणाला, "तुमाला तेलुगू कळतंय का, सर? तुमच्या समोर काय ठरलं ते तुमाला तरी कुटं म्हाईत? लालची मान वाकडी म्हणं. माझा मेव्हणा गेल्या महिन्यात तितं जाऊन आला. सरळ हुती म्हणतो." मेहबूबभाई माझ्याकडे बघत होते. ते सुरेशसारखे उथळ नव्हते, त्यांच्या बघण्यात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "सर," ते म्हणाले, "खरं क्या है ते सांगा. मेरेकू चोर के साथ बजाना नई जमता."

मी अंबादासकडे पाहिलं. पाठमोरा होता. त्याच्याबद्दल एवढं बोलणं चाललं होतं आणि तो रस्त्याकडे बघत शांत उभा होता. त्याला चोर ठरू द्यायचं की बहिरा ठरू द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी आज लिहितो. खोटं मी बोललो होतो आणि ते उघडं पडत होतं. मला माझी सुटकाही हवी होती. मी सगळं सांगून टाकलं. पाखरं, सायकलची घंटी, हनुवटी... सगळं. सांगताना माझा आवाज स्टेजवरच्यासारखा झाला होता, हे मला बोलता बोलताच जाणवलं आणि तरी थांबता आलं नाही. शोभाताई तोंडाला पदर लावून रडल्या. "इतकी वर्षं?" एवढंच म्हणाल्या. सुरेश उठून गेला आणि अंबादाससाठी चहा घेऊन आला. अंबादासनं चहाकडे पाहिलं, सुरेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग लांबून माझ्याकडे. मी नजर वळवली.

कुणी त्याला काढलं नाही. हे मुद्दाम लिहायला हवं, कारण मेहबूबभाई मोठ्या मनाचा माणूस होता. ते म्हणाले, "बहरा है तो क्या हुआ, बजाता तो है." पण त्यानंतर सगळे त्याच्याशी हातवारे करून बोलू लागले. शोभाताई गाताना मध्येच वळून त्याच्याकडे तोंड करून मोठ्या जिव्हाळ्यानं शब्द उच्चारायच्या, लहान मुलाला शिकवावं तसे. सुरेश प्रत्येक गाण्याआधी बोटं वर करून ताल दाखवायचा. तिसऱ्या कार्यक्रमानंतर अंबादास माझ्या शाळेत आला. मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभा राहून म्हणाला, "सर, मी सोडतो."

"का? कुणी काही बोललं?"

"तेच की. कोन बोलत न्हाय. आदी मी चुकलो की मेहबूबभाईंच्या शिव्या पडायच्या. आता चुकलो की सगळे हसून बघत्यात." मग म्हणाला, "शिव्या ऐकू येत न्हवत्या, पन कळायच्या. त्यातनं मी सुदरायचो."

मला तेव्हा विचारायचं होतं, की मी सांगितलं हे तुला कळलं का. ते विचारलं नाही. घंटा झाली, मुलं आत जाऊ लागली. "बघू, बोलू," असं काहीतरी म्हणून मीही आत गेलो.

ऑर्केस्ट्रात लाल गिटार आली आणि ती वाजवायला पुण्याहून एक जण येऊ लागला. बरा वाजवायचा. तपकिरी गिटार मेहबूबभाईंनी अंबादासच्या घरी पोचवली. दोन-चार वर्षांत ऑर्केस्ट्राही बंद पडला, त्यात कुणाचा दोष नव्हता. अंबादास मागावर राहिला. मी अधूनमधून जायचो. तो मला खुर्ची द्यायचा, समोर बसायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा. आता मात्र मला ते बघणं जड जायचं. मी कमी बोलू लागलो, मग कमी जाऊ लागलो. एकदा गिटारची चौकशी केली तर म्हणाला, "अक्कलकोटकडच्या एका भजनी पोरानं मागितली, दिली. हितल्या उन्हानं तिची मान वाकली हुती, सर. खरंच वाकली हुती." आणि खूप हसला. मी त्या हसण्यात सामील झालो, पण घरी येईपर्यंत त्या वाक्याचा मला त्रास होत राहिला. त्याला माझं खोटं आठवत होतं. मग बाकीचंही आठवत असणार.

गेल्या रविवारी पुन्हा तिकडे गेलो. अंत्ययात्रेच्या दिवशी गर्दीत अंबादासच्या बायकोशी बोलणं झालं नव्हतं. लक्ष्मीवहिनी आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या, सून भाकरी करत होती, श्रीनिवास कामावर गेला होता. मी बसलो. औषधपाण्याचं, दिवसांचं बोलून झालं आणि मग मी, इतक्या वर्षांनी, त्यांना करमाळ्याच्या स्टँडवरची गोष्ट सांगितली. कुणाला तरी सांगायलाच हवी होती, आणि ज्याला सांगायची तो राहिला नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जवळ सरकून माझ्या खांद्याला हात लावला, माझा चेहरा त्यांच्याकडे वळेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना म्हाईत हुतं की. करमाळ्याहून आले त्याच दिवशी मला म्हनाले, सरांनी सांगितलं वाटतं. सुरेशनं चहा आनला म्हनाले."

"मग मला कधी काही बोलला नाही..."

"काय बोलनार? राग आला हुता. वरीसभर हुता. मग गेला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हनायचे, सरांचा बोलायचा धंदा हाय, त्यांच्या पोटात ऱ्हाईल कसं? पन त्यांनीच मला ती गिटार घिऊन दिली, असं म्हनायचे. दुसरा कोनी असता तर लाल आनली असती."

मला त्यात माफी सापडली का, ते माहीत नाही. वर्षभर राग होता, हे ऐकून मात्र कुठंतरी बरं वाटलं. निदान त्यानं मला हसून सोडून दिलं नव्हतं. मी दमलो होतो. वहिनीही दमल्या होत्या. आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून जमिनीवर दोनदा पाय आपटल्याचा आवाज आला. धप, धप. शहाबादी फरशीतून तो हादरा माझ्या बसल्या जागी पोचला. मी चमकून पाहिलं. सून दारात उभी होती, हातात चहाचे कप. तिनं हाक मारलेली नव्हती, पाय आपटला होता. एवढी वर्षं या घरात कुणाला बोलवायचं, जेवायला हाक मारायची, तर असंच. त्याला कळावं म्हणून. आता घरात सगळ्यांना ऐकू येतं. सुनेच्याही ते लक्षात आलं असावं, ती तशीच दारात थांबली, आपल्या पायाकडे बघत. वहिनी म्हणाल्या, "आन इकडं, निवतोय चहा." ती आत आली, वाकून कप ठेवले आणि परत वळताना, त्याला उगाच हाक वाटू नये या सवयीनंच, हळू पाऊल टाकून गेली.